आत्याला कोण रागावणार?

तोंगा देशातल्या लिफुका बेटावरच्या शाळेत आकानेसीनं इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं होतं की धक्क्यावर मासे विकणाऱ्या बायकासुद्धा तिला पाहून पदर नसताना पदर सावरल्यासारखं करायच्या. निम्म्या तिच्याच हाताखालून गेलेल्या. एखादी धीट बाई दोन्ही हातांत दोन मासे धरून ओरडायची, "बाई, आयदर हा घ्या, ऑर तो घ्या!" आकानेसी आधी वाक्य तपासायची, मग मासा. वाक्य नीट असलं तर मासा थोडा शिळा असला तरी चालायचा.

हेच तिचं वेड. इंग्रजीतले जोडीनं येणारे शब्द. आपल्या 'जर'ला जसा 'तर' लागतो तसा तिकडे आयदरला ऑर लागतो, नायदरला नॉर आणि नॉट ओन्लीला बट ऑल्सो. पण नुसती जोडी जमून भागत नाही. दोघांच्या मागे येणारा मालही एकाच जातीचा लागतो, आणि मुलं नेमकी तिथं घसरायची. एकदा एकानं वाक्य केलं, "माझा काका नॉट ओन्ली मासे पकडतो, बट ऑल्सो जाडा."

वर्ग खदखदला. आकानेसी हसली नाही. "काका जाडा असेना का, वाक्य वाकडं नको. पुढं तो काहीतरी करतोय, तर मागंही काहीतरी करू दे त्याला."

"बट ऑल्सो मासे खातो, बाई."

"हं. आता कळलं जाडा का झाला ते."

ती सांगायची, खांद्यावर काठी घेऊन तुम्ही बापाच्या मळ्यातून कंदांच्या टोपल्या आणता ना? एक टोपली भरलेली आणि एक रिकामी असली की काठी कुठं बसते? थोबाडावर. वाक्याचंही तसंच. मग ती दोन मुलांना समोरासमोर उभं करायची. एकानं वाक्याचं पहिलं टोक उचलायचं, दुसऱ्यानं दुसरं. ठरवून काही नाही, जागच्या जागी. दुसरा अडला की दोघांनी खाली बसायचं. साऱ्या तोंगात असं कुणी शिकवत नव्हतं, आणि ही गोष्ट आकानेसीला पुरेपूर माहीत होती. गर्व म्हणा हवं तर. मी तर म्हणेन, गर्वच.

जोड्या लावताना मात्र ती फार जपायची. तिथं चुलतभाऊ, मामेभाऊ असे निरनिराळे शब्द नाहीत, सगळे भाऊच. आणि भाऊबहीण वयात आली की त्यांच्यामध्ये अदृश्य भिंत उभी राहते. भाऊ वेगळ्या झोपडीत झोपायला जातो. बहीण बसली असेल तिथं चावट विनोद जागीच मरतो. प्रेमाची, लग्नाची गोष्ट दोघांच्या कानावर एकाच वेळी पडली, तर दोघांनाही धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. त्यामुळं कोणाला कोणासमोर उभं करायचं नाही, हे आकानेसीला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

आणि त्या वर्षी तर तिच्याच घरची दोन मुलं वर्गात होती. धाकटा भाऊ फेलेती, त्याचा मुलगा केलेपी. त्याहून धाकटा मोसेसे, त्याची मुलगी टोकिलुपे. केलेपी खिडकीपाशी बसायचा, टोकिलुपे पार दारापाशी. दोघंही इतकी हुशार की इतर मुलं वाक्य रचेपर्यंत यांचं फळ्यावर लिहून झालेलं असायचं. पण दोघांनी एकमेकांकडं कधी पाहिलं नाही. बसवणारी आकानेसीच होती. ती दोघांची आत्या.

आत्या म्हणजे काय, हे लिफुकावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक. बहिणीचा मान भावाहून वर, म्हणून बापाच्या बहिणीचा मान बापाहूनही वर. आत्यासमोर भाचा मान वर करत नाही, ती बसली असेल त्याहून उंच बसत नाही. तिला नाही म्हणत नाही. घराच्या रीतीभाती सांभाळायच्या, कोण चुकलं ते सांगायचं, हे तिचंच काम. ती स्वतः चुकली तर काय, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

परीक्षेला दोनेक महिने होते तेव्हा न्यूझीलंडहून इन्स्पेक्टर आले. लालबुंद, घामेजलेले, हसरे गृहस्थ. तिथल्या मानाच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून आले होते, ती सुद्धा उलटी. कुणी बोललं नाही. मागच्या बाकावर बसून त्यांनी जोड्यांचा तास पाहिला आणि त्यांचे डोळेच चमकले. "असं मी कुठंच पाहिलं नाही," ते म्हणाले. "आता तुमची सगळ्यांत चांगली दोन मुलं उभी करा. वाक्य मी देतो."

टोकिलुपेची नेहमीची जोडीदार साने आजीच्या मयताला गेली होती. दुसऱ्या कुणाला उभं केलं तर तो अडणार, हे आकानेसीला कळत होतं. तिनं खिडकीकडं पाहिलं आणि दाराकडं पाहिलं. "केलेपी. टोकिलुपे."

दोघं उठली. मध्ये अख्खा वर्ग, एकमेकांकडं पाठ करावी इतपत तिरकी उभी. इथपर्यंत निभावलं असतं. पावसावर, होडीवर, डुकरावर काहीही वाक्य चाललं असतं.

इन्स्पेक्टरांनी हात चोळले. "तरुण मुलं आहेत, जरा गंमत करू. समजा, मुलगा मुलीला लग्नाचं विचारतोय. आयदरनं सुरू कर, बेटा."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. आकानेसीला फक्त एवढंच म्हणायचं होतं: साहेब, ही भावंडं आहेत. चार शब्द. इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हते, तोबा करून त्यांनी माफी मागितली असती. पण मग ते हसून म्हणाले असते, बरं बरं, राहू द्या. त्यांची नोंदवही मिटली असती. आणि इतक्या वर्षांच्या कष्टानं घासूनपुसून उभी केलेली ती जोडी कुणी न पाहताच खाली बसली असती.

केलेपीनं आत्याकडं पाहिलं नाही, तिच्या पायांकडं पाहिलं. तो वाट पाहत होता.

"म्हणा," आकानेसी म्हणाली.

"आयदर यू मॅरी मी," केलेपी म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच.

दारापाशी टोकिलुपेनं मान इतकी खाली घातली की वेणीच तेवढी दिसत होती. पण आवाज स्पष्ट आला. "ऑर आय शॅल लिव्ह अलोन." एक तर माझ्याशी लग्न कर, नाही तर मी एकटा राहीन. दोन्ही टोकं सारखी. काडीची चूक नाही.

आणि हे आकानेसी मरेपर्यंत विसरली नाही: पहिला एक क्षण तिला अभिमान वाटला. फक्त अभिमान. इन्स्पेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणी नाही. केलेपी वर्गातून चालत बाहेर गेला, पळाला नाही. तेवढ्यानं ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या उइहा बेटाच्या होडीत बसून मामाकडं निघून गेला. मामाच्या घरी भाच्याचे लाड. कितीही दिवस राहिला तरी कोण विचारणार? टोकिलुपे शाळेत येत राहिली. बोलायची मात्र नाही. उभं केलं की उभी राहायची, तोंड मिटून, आणि जोडीदारणीसकट खाली बसायची.

रविवारी चर्च सुटल्यावर आकानेसी नेहमीप्रमाणे भावांच्या घरी जेवायला गेली. जाताना तिनं मनात सगळं जुळवलं होतं. फेलेती चिडेल, मोसेसे रडेल, तो हळवा आहे. आपण ऐकून घेऊ. पण दारातच फेलेतीच्या बायकोनं जुन्या, मऊ चटईवर तिला बसवलं, घरातल्या सगळ्यांच्या वर. तिच्यापुढं डुकराच्या पाठीचा तुकडा आला, नारळाच्या दुधात भाजलेल्या पानांच्या पुरचुंड्या आल्या. भाऊ खाली बसले, तिच्याआधी कुणी घास घेतला नाही.

"केलेपीचं काही कळलं?" तिनं विचारलं.

"मजेत आहे, आक्का. मासे पकडतोय म्हणे," फेलेती म्हणाला.

"त्याची परीक्षा आहे."

"हो. आहे खरी."

"फेलेती, माझं चुकलं. मी त्यांना म्हणा म्हटलं."

फेलेतीनं पान पुढं सारलं. "जेवा ना, आक्का. गार होतंय."

"अरे, मी काय म्हणतेय? रागाव मला. तुझा मुलगा घर सोडून गेला माझ्यापायी!"

मोसेसे दाराबाहेर बघत राहिला. फेलेतीनं खाली मान घालूनच सांगितलं, "तुम्ही कशा चुकाल, आक्का? साहेबाला आपली रीत कुठं माहीत? पोरानंच मनाला फार लावून घेतलं." हे बोलताना त्याच्या गळ्याची शीर ताठ झालेली तिला दिसली. तो खोटं बोलत होता आणि त्याला दुसरं काही बोलायची सोय नव्हती. तिला उठून जावंसं वाटलं. तरी तिनं डुकराचं मांस खाल्लं, कारण ती उठली तर बाकीचे उपाशी उठले असते.

तिला बोलली फक्त मालिया. मालिया तिच्या बालपणीची मैत्रीण, नात्याची ना गोत्याची. झाडाच्या सालीचं कापड कुटत बसली होती, मोगरी हातातून न सोडता म्हणाली, "ये गं, शहाणे. गोऱ्याला इंग्रजी दाखवलंस, आणि आपलं काय दाखवलंस?"

"मालिया..."

"तुझ्या घरात तुला कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. आत्या म्हणजे कुंपण. कुंपणानंच शेत खाल्लं तर डुकरांना काय हाणायचं?"

आकानेसी तिथंच बसून रडली. बरं वाटलं तिला, खोटं कशाला सांगू. पण मालियाला माफ करायचा अधिकार नव्हता. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपण औषध प्यायल्यासारखं झालं ते.

शेवटी ती स्वतःच उइहाला गेली. सोबत काखेत एक चांगली चटई, आईकडून आलेली, माफी मागताना द्यायची असते तशी. मामाच्या घरामागं किनाऱ्याचा उतार आहे. केलेपी वरच्या अंगाला जाळं शिवत बसला होता. आत्याला येताना पाहून त्याच्या हातून सुई पडली. तो ताडकन उठला, आणि तिच्याहून उंच उभे आहोत हे कळून लगेच वाळूत बसला.

आकानेसीनं चटई त्याच्यापुढं ठेवली आणि ती त्याच्यासमोर खाली बसली. तशीच, वाळूत. माफी मागायची तर खालूनच मागायची, ही रीत तिनं कितीतरी मुलांना शिकवली होती.

केलेपी घाबरला. आत्या वाळूत आणि आपण तिच्या बरोबरीनं? तो सरकत सरकत उतारावर दोन हात खाली गेला. आकानेसी उठली आणि त्याच्याहून खाली जाऊन बसली. तो आणखी खाली. ती आणखी खाली. मामाची म्हातारी आई दारातून बघत होती, तिला वाटलं ही दोघं शिंपले वेचताहेत. बघता बघता वाळू ओली लागली, आकानेसीचा काळा झगा कमरेपर्यंत भिजला, आणि केलेपी छातीएवढ्या पाण्यात बसून हात जोडत म्हणाला, "आत्या, उठा हो! तुम्ही इतक्या खाली बसलात तर मी कुठं बसू?"

तिला हसू आलं. खरंच होतं. त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

"केलेपी, मला माफ करशील?"

"तुम्ही सांगाल ते, आत्या."

"मी सांगून नको. तुझ्या मनात काय आहे?"

तो पाण्यातच नजर ठेवून म्हणाला, "तुम्ही सांगाल ते."

वर्गातही त्यानं हेच केलं होतं. तिला समजलं की या पोराकडं तिला द्यायला दुसरं काही नाहीच. माफीही तो हुकमासारखी देणार. मग तिनं विचार केला, निदान परीक्षा तरी वाया जायला नको. त्याचं वर्ष, त्याचं आयुष्य. मनाचं पुढं बघू.

"मग परत ये," ती म्हणाली. "सोमवारी वर्गात बस."

"बरं, आत्या."

घरी येताना होडीत तिला हलकं वाटत होतं. चूक केली, निस्तरली. असं वाटणं किती स्वस्त असतं ते तिला सोमवारी कळलं. केलेपी खिडकीपाशी येऊन बसला. दारापाशीची जागा रिकामी होती.

टोकिलुपे मोसेसेच्या घरामागच्या पडवीत बायकांबरोबर चटई विणत होती. आत्याला पाहून बाकीच्या बायका कामाचं निमित्त काढून उठल्या. टोकिलुपे उठली नाही, खाली मान घालून पट्टी पट्टीत ओवत राहिली.

"शाळेत का नाही आलीस?"

"भाऊ आला ना, आत्या?"

"आला."

"मग झालं." तिनं एक पट्टी ओढून घट्ट केली. "त्या दिवसानंतर आम्ही दोघं एका खोलीत कशी बसणार? मी असले की तो जाणार. तो मुलगा आहे, त्याला नोकरी लागेल, घराला आधार होईल. मला कुठं पुढं शिकायचंय?"

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. या मुलीला शिक्षिका व्हायचं होतं; लहानपणी कोंबड्यांना रांगेत बसवून ती त्यांना नायदर-नॉर शिकवायची. आकानेसीनं ते स्वतः पाहिलं होतं आणि पोट धरून हसली होती.

"मी घरी येऊन शिकवेन तुला," आकानेसी म्हणाली. "परीक्षेला वेगळ्या खोलीत बसवेन. मुख्याध्यापकांशी बोलते."

"सगळं बेट विचारेल, वेगळी का? मग ते वाक्य पुन्हा तोंडातोंडी होईल, आत्या."

"आणि मी तुला ये म्हटलं तर?"

टोकिलुपेचे हात थांबले. "तुम्ही सांगाल ते."

आकानेसीनं तोंड उघडलं. एक शब्द, की ही येणार. आणि ही आली की तो पुन्हा होडीत बसणार. दोघांपैकी कुणाला वाचवायचं ते तिनं समुद्रावर आधीच, नकळत, ठरवून टाकलं होतं. तिला वाटत होतं तिनं एकाला परत आणलंय. तिनं दुसरीला घालवलं होतं. ती तशीच उठली आणि निघून आली.

केलेपी पास झाला. मोठ्या बेटावर सरकारी कचेरीत लागला. इन्स्पेक्टरांच्या अहवालात शाळेचं भरभरून कौतुक आलं. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं, आणि आकानेसीला उभं राहून टाळ्या घ्याव्या लागल्या. जोड्यांचा तास तिनं बंद केला. कारण विचारलं तर म्हणायची, घसा साथ देत नाही. धक्क्यावरच्या बायकाही शेवटी आयदर-ऑर ओरडायच्या थांबल्या.

पुढं टोकिलुपेचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, सुतार, जोराजोरात हसणारा. लग्नाच्या दिवशी आकानेसी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या वर बसली, चटयांच्या थप्पीवर, गळ्यात फुलं घालून. केलेपी आला होता. बाहेर भट्टीपाशी डुकरं भाजत होता, आत आला नाही. बहिणीच्या लग्नात भावानं आत यायचं नसतं, ते बरंच झालं.

मग टोकिलुपे आली. गुडघ्यांवर सरकत, पुढं एक चटई धरून. ती उलगडली तेव्हा बायकांच्या तोंडून आवाज निघाला. इतकं बारीक विणकाम त्या बेटावर कुणी अलीकडं पाहिलं नव्हतं, हाताला रेशमासारखं लागत होतं. कुणीतरी म्हणालं, "वर्षं लागली असतील गं हिला!" मोसेसेची बायको कौतुकानं म्हणाली, "शाळा सोडली ना, तेव्हापासून घेतली होती. पहिल्या दिवसापासून म्हणत होती, ही आत्याची."

आत्यानं भेट नाकारायची नसते. आकानेसीनं हात पुढं केले आणि चटई मांडीवर घेतली. ती फार हलकी होती. तिची बोटं विणीवरून फिरली आणि तिला ते सगळे दिवस हाताला लागले, पडवीतले, एकामागून एक, ज्या दिवशी ही मुलगी वर्गात असायला हवी होती.

टोकिलुपे समोर मान खाली घालून बसली होती. आकानेसीला तिचं तोंड पाहायचं होतं. त्यात राग आहे की माया, एवढंच. पण राग असो की माया, आत्यासमोर मान खालीच असते. वरून दिसते ती नुसती वेणी आणि वेणीतली फुलं. विचारलं असतं तर उत्तर काय येईल ते तिला पाठ होतं. आणि 'वर बघ' म्हटलं असतं, तर त्या पोरीनं लगेच वर पाहिलं असतं.

'वर बघ' तिच्या ओठांवर आलं होतं. आकानेसीनं ते गिळलं.